दाण्याचं माप

चौलात आमच्या वाडीला अजून मकेवाल्याची वाडी म्हणतात. खरं तर तिथे नारळ आहेत, पोफळी आहेत, मका फक्त विहिरीशेजारच्या चार वाफ्यांपुरता. पण माझ्या बाबांनी, रावजींनी, त्या चार वाफ्यांवर एवढं डोकं खर्च केलं की गाव नारळ विसरून गेलं. बाबा हट्टी होते असं मी म्हणणार नाही. ते ऐकून गावातल्या हट्टी माणसांना कमीपणा वाटेल. मी अनंता, त्यांचा धाकटा मुलगा, रेवदंड्याच्या शाळेत मास्तर. दिवसभर पोरांकडून पाढे घोकून घ्यायचे आणि संध्याकाळी घरी येऊन अशा माणसासमोर बसायचं की ज्याला साक्षात ब्रह्मदेवानं काही सांगितलं तरी तो म्हणेल, बघू, पेरून बघू.

१९३० च्या पावसाळ्यात माझा थोरला भाऊ चंदर तापानं गेला. आठवडासुद्धा लागला नाही. मागे त्याची बायको काशी आणि दोन वर्षांची राही. माझी आई, भागुबाई, राहीला कडेवरून खाली उतरवीना. पोरीचं नाक चंदरचं, झोपताना मूठ गालाखाली घ्यायची सवय चंदरची, असं ती येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत बसे. बाबांनी मात्र दसरा झाल्यावर विहिरीवर रहाटाला बैल जुंपला आणि मक्यासाठी वाफे खणायला घेतले. मला त्यांचा भयंकर राग आला. तरणाताठा मुलगा गेलाय आणि ह्यांना मका सुचतो! दुसरं काही सुचू नये म्हणून तो सुचत होता, हे कळण्याएवढी अक्कल मला तेव्हा नव्हती.

बाबांच्या मक्याचं कोडं असं होतं. आमच्या घरचा मका पांढरा. झाड चिवट, खारा वारा सोसणारं, पण दाणा अगदी बारका. त्यांच्या आजोबांच्या वेळी तो बराच टपोरा होता म्हणे. आणि अलिबागच्या शेतकी प्रदर्शनातून त्यांनी मूठभर परदेशी मका मागून आणला होता, तो पिवळाधमक, दाणा घोड्याच्या दातासारखा चपटा आणि मोठा. पण झाड नाजूक, वारा सुटला की आडवं. बाबांना हवं होतं झाड घरचं आणि दाणा परदेशी. दोन्हींचं लग्न लावलं तर जमेल, असं शेतकी खात्याच्या पत्रकात होतं. पत्रक मीच त्यांना वाचून दाखवलं, त्यामुळे पुढच्या सगळ्या प्रकाराला थोडा मीही जबाबदार आहे.

मक्याच्या झाडात नर आणि मादी दोन्ही असतात. डोक्यावरचा तुरा नर, त्यातून पिवळी भुकटी झडते. खाली कणीस मादी. त्याच्या टोकाला जे रेशमासारखे केस असतात, त्यातल्या एकेका केसावर भुकटी पडली की आत एकेक दाणा धरतो. बाकी सगळं वाऱ्याच्या मर्जीवर. लग्न आपण ठरवायचं तर एका झाडाचे तुरे आधीच खुडायचे, त्याच्या कणसांवर केस फुटण्याआधी कागदी पिशव्या बांधायच्या आणि दुसऱ्या झाडाची भुकटी सकाळी गोळा करून त्या केसांवर झाडायची. मग पुन्हा पिशवी.

आता कुणाला बाप करायचं आणि कुणाला आई, याबद्दल बाबांच्या मनात शंकाच नव्हती. मोठा दाणा हवा तर मोठ्या दाण्याचा बाप. “बी बापाचं असतंय,” ते म्हणायचे. “आई म्हंजी माती. माती पोसते, वाढवते, पन उगवतं ते बीच.” हे त्यांचं एकट्याचं मत नव्हतं. आमच्या अख्ख्या समाजाचं होतं, आणि त्यावर आमचे रिवाजही उभे होते. आमच्यात विधवेचा पाट लागतो, ती पुन्हा संसार मांडू शकते, त्यात कुणाला लाज वाटत नाही. पण ती जाते तेव्हा मूल मागे राहतं. मूल पहिल्या नवऱ्याच्या घराचं.

दिवाळी झाल्यावर काशीवहिनीचा भाऊ नामा उरणहून शिडाच्या मचव्यातून आला. येताना मिठाची गोण आणि सुकट घेऊन आला, इकडचं तिकडचं बोलला, आणि मग नजर जमिनीकडे ठेवून मुद्द्यावर आला. उरणच्या मिठागरावर दादू नावाचा मुकादम होता. त्याची बायको बाळंतपणात गेली, मूलही राहिलं नाही. माणूस शांत, व्यसन नाही. काशीला विचारतोय.

“काशी मला लेकीच्या जागी हाय,” बाबा म्हणाले. “तिचं वय मला दिसत न्हाय का? जायाचं तर जाऊ दे. लुगडं-चोळी करून धाडीन. पोर मातर हितंच ऱ्हाईल.”

“येवढीशी हाय पोर, मामा. आईबिगर कशी ऱ्हाईल?”

“बी आमचं हाय ते. चंदरचं हाय.”

आईनं राहीला पदराखाली घेतलं, जणू नामा आत्ताच तिला उचलून मचव्यात टाकणार होता. काशीवहिनी दारात उभी होती. ती म्हणाली, “मंग मी बी हितंच ऱ्हाते,” आणि आत गेली. रडली नाही की काही नाही. ती तशीच होती; मोठ्यानं बोललेली मी तिला कधी ऐकली नाही, आणि एकदा बोललेलं मागे घेतलेलंही पाहिलं नाही.

नामा निघाला तेव्हा मी त्याला रस्त्यापर्यंत पोचवायला गेलो. “दादूला घाई न्हाय,” तो म्हणाला. “त्याचं बी मन अजून मागंच हाय. थांबंल तो. पन मानूस किती थांबनार, मास्तर?” बाबांसमोर तोंड उघडायची माझी तेव्हा छाती नव्हती, आणि खरं सांगायचं तर राही जावी असं मलाही वाटत नव्हतं. घरात हसू ऐकू यायचं ते तिचंच.

त्या हिवाळ्यात पिशव्या बांधायचं काम काशीवहिनीनं केलं. मेणकागद कापायचा, भाताच्या खळीनं चिकटवायचा, केळीच्या दोऱ्यानं कणसाला बांधायचा. बाबांची बोटं जाड, त्यांच्या हातून केस तुटायचे. गावाला फुकटचा तमाशा मिळाला. “मास्तर, मक्याला टोप्या घातल्यात, आता शाळंत कवा धाडता?” असं मला रोज कुणीतरी विचारी. मी हसून घ्यायचो आणि घरी येऊन चिडायचो.

शिमग्याच्या आधी पहिली कणसं वाळली. बाबांनी पडवीत बसून एक सोललं. आई घरचा पांढरा मका, पण दाणे निघाले पिवळे! बापाचा रंग थेट त्याच कणसात उतरला होता. बाबांनी मला हाक मारली ती अशी की मला वाटलं विंचू चावला. “बघ! बी कुनाचं ते बघ!” मग त्यांनी दाणे सुटे केले आणि उंबऱ्यावर एकाला एक लावून दहा दाण्यांची ओळ मांडली. शेजारी घरच्या मक्याच्या दहा दाण्यांची ओळ. दोन्ही ओळी बरोबरीच्या. रंग बापाचा, माप मात्र आईचं, तेच बारकं.

“भुकटी शिळी झाली आसंल,” बाबा म्हणाले.

“शिळी असती तर रंग कसा आला असता?” मी म्हणालो. “उलट करून बघा. परदेशी आई करा आणि आपला बारका बाप.”

“बारकं बी चांगल्या मातीत टाकलं म्हून काय मोठं व्हतंय? तुमच्या शाळंत हेच शिकवतात?”

पण दुसऱ्या हिवाळ्यात त्यांनी दोन्ही केलं. सुलटंही आणि उलटंही. माझं तोंड कायमचं बंद करायचं म्हणून, असं तेच म्हणाले. नाजूक परदेशी झाडांना त्यांनी बांबूचे टेकू दिले, वाऱ्याच्या बाजूला माडाच्या झापांचा आडोसा केला. राही तेव्हा साडेतीन वर्षांची होती. ती वाफ्यांमधून फिरे आणि पिशव्या बांधलेल्या कणसांना “ए बाबू, झोप” म्हणे.

त्या वर्षी कणसं सोलली तेव्हा पडवीत आम्ही सगळेच होतो. सुलट्या लग्नाचे दाणे पुन्हा बारके. उलट्या लग्नाचे, ज्यांचा बाप आमचा बारका मका, ते थोराड, चपटे, घोड्याच्या दातासारखे. रंगानं दोन्हीकडचे पिवळे. माप ज्याच्या त्याच्या आईचं. बाबांनी उंबऱ्यावर ओळी मांडल्या, मोडल्या, पुन्हा मांडल्या. मोठ्या दाण्यांची ओळ बारक्या ओळीच्या कितीतरी पुढे गेली. राहीनं त्यातला एक दाणा उचलून तोंडात टाकला. एरवी बाबा ओरडले असते. ते नुसते तिच्याकडे बघत राहिले.

सगळ्यांत आधी समजलं ते आईला. ती शहाणी बाई होती. “पुरं झालं ह्ये मक्याचं खूळ,” ती म्हणाली. “उद्यापास्नं तिथं भाजी लावा.”

माझा स्वभाव वाईट. मनात आलेलं तोंडात धरून ठेवता येत नाही, आणि गेलं वर्षभर मी ते धरून ठेवलं होतं. मी म्हणालो, “बाबा, माती नुसती पोसते म्हणत होता ना? हा घ्या मातीचा दाणा. मग आता राही कुणाची?”

बाबा उठून उभे राहिले. मला वाटलं आता थोबाडीत बसते. पण ते म्हणाले, “मका मका हाय, मानूस मानूस हाय.” आणि मग, आवाज खाली आणून, “ह्ये माप खरं न्हाय. दाना आईच्या झाडावर वाढला, आईच्या ताटातलं पोटभर जेवला, म्हून मोठा झाला. त्याच्या रक्तात काय हाय ते त्याच्या अंगावरनं कळायचं न्हाय. ह्ये मोठे दाने आन ह्ये बारके, दोन्ही शेजारीशेजारी पेरायचे. त्यांच्या झाडांना कनसं येतील, त्या कनसांत काय ते कळंल. अजून येक साल लागंल.”

मला हसावं की रडावं कळेना. उरणहून दोनदा निरोप येऊन गेले होते. इथे एका बाईचं वय चाललं होतं आणि ह्यांना मक्याच्या रक्तात काय आहे ते बघायचं होतं. मी वहिनीकडे बघितलं. म्हटलं, आता तरी ही काही बोलेल. ती पाण्याचा तांब्या घेऊन आली, बाबांपुढे ठेवला आणि म्हणाली, “लागू दे, मामंजी. येक साल तर हाय.”

मी तिच्यावरही चिडलो. मला वाटलं, या घरात धडधाकट डोक्याचा मी एकटाच आहे.

तिसरं वर्ष चमत्कारिक गेलं. एरवी दसरा झाला की वाफे खणायला घेणाऱ्या बाबांनी त्या वर्षी पेरा लांबवला. बैलाच्या खुराला लागलंय म्हणाले, मग वाफे ओले आहेत म्हणाले. बैल चांगला टुणटुणीत फिरत होता. रहाटाला जुंपलेल्या त्या बैलामागे आडव्या लाकडावर राहीला बसवून ते तासन्‌तास फेरे घालत. गाडगी भरून वर यायची, पन्हाळीत ओतायची, ती टाळ्या वाजवायची. शेवंतीचं फूल दिसलं की ते तिच्या केसांत खोवीत. संध्याकाळी तिला खांद्यावर घेऊन बंदरावर शिडं बघायला नेत. जन्मात कधी बंदरावर न जाणारा माणूस! मक्याकडे मात्र त्यांचं पूर्वीसारखं लक्ष नव्हतं. पिशव्यांचीसुद्धा मीच त्यांना आठवण करून द्यायचो. त्या वर्षी पिशव्यांचं कामही सोपं होतं. नवं लग्न लावायचं नव्हतं, त्या-त्या वाफ्यातलीच भुकटी त्या-त्या कणसांना द्यायची होती, बाहेरची येऊ द्यायची नव्हती.

झाडं मात्र अशी आली की हसणारं गाव कुंपणाशी थांबून बघायला लागलं. बारक्या दाण्यांचा वाफा आणि मोठ्या दाण्यांचा वाफा, दोन्ही सारखेच उंच, आईबापांपेक्षाही उंच. वाऱ्यानं वाकली नाहीत. कोणता वाफा कुठल्या आईचा, हे काठ्या रोवल्या नसत्या तर मलाही सांगता आलं नसतं.

नामाचा शेवटचा निरोप आला: शिमग्यानंतर दादूचे नातेवाईक थांबणार नाहीत, दुसरीकडे बघतील. मी बाबांच्या मागे लागलो. कणसं वाळली होती, पण ते रोज हात लावून बघत आणि म्हणत, अजून वाळू दे. शेवटी शिमग्याच्या आदल्या दिवशी आईच विळा घेऊन वाफ्यात शिरली. “काय व्हायचं ते व्हऊन जाऊ दे येकदाचं,” ती म्हणाली.

पडवीत दोन ढीग पडले. बाबांनी या ढिगातलं एक, त्या ढिगातलं एक अशी कणसं सोलली. दाणे चांगले टपोरे, परदेशी मक्याच्या जवळपास जाणारे, आणि दोन्ही ढिगांत सारखेच! गेल्या वर्षी उंबऱ्यावर एवढी लांब-आखूड दिसलेली दोन भावंडं, त्यांची लेकरं एका मापाची निघाली होती. आणि आणखी एक गंमत. कणसांत पिवळ्या दाण्यांमध्ये इथे तिथे पांढरे दाणे होते. आमच्या घरचा पांढरा रंग दोन वर्षं कुठेतरी लपून बसला होता, तो वर आला होता. राहीनं ते बोटानं टोकरून काढले आणि एका करवंटीत जमवायला घेतले. “आजा, ह्ये आपले,” ती म्हणाली. आपला मका पांढरा, एवढं तिला ठाऊक होतं.

खेळता खेळता तिनं दोन्ही ढीग एकत्र केले. आईनं तिला दटावलं आणि वेगळे करायला बसली. कणीस उचलायची, फिरवून बघायची, खाली ठेवायची, पुन्हा उचलायची. थोड्या वेळानं तिनं हात मांडीवर ठेवले.

“वळखू येत न्हाय,” ती म्हणाली.

“न्हायच येनार,” बाबा म्हणाले. “दोघांचं सारखंच हाय. निम्मं-निम्मं.” आणि ते हसले. चंदर गेल्यापासून मी त्यांना हसताना पाहिलं नव्हतं. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं, ते त्यांनी पुसलंही नाही.

मग बाबांनीच उरणला निरोप धाडला, आणि पाटाच्या बोलण्यासाठी देवळाच्या पडवीत पंच बसले. नामा होता, दादू होता. सावळा, रुंद खांद्यांचा, कोपऱ्यात पाय आवरून बसलेला माणूस. त्याच्या तळव्यांना मिठानं भेगा पडल्या होत्या. पंचांचे प्रमुख बाळाजी. अशा वेळी ते घरच्या कर्त्याला एक प्रश्न विचारतात आणि त्याचं उत्तर ठरलेलं असतं. “पोर कुनाची?” “आमच्या घराची.” की मिटलं. बाई जाते, पोर राहते.

“रावजी,” बाळाजींनी विचारलं, “पोर कुनाची?”

बाबांनी बंडीच्या खिशातून एक कणीस काढलं. मागे कुणीतरी खिदळलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

“अर्धी आमची,” बाबा म्हणाले. “अर्धी काशीची.”

“आता अर्धी पोर कशी धाडायची बाबा?” बाळाजी म्हणाले. लोक हसले.

“धाडायची सगळी. आमचं अर्धं तिच्या अंगात हाय, ते उरणला गेलं म्हून कमी व्हनार न्हाय. कवातरी वर येनारच हाय.” त्यांनी कणसातल्या पांढऱ्या दाण्यावर अंगठा ठेवला होता. “पन दाना जवर कनसावर हाय, तवर त्याचं माप आई ठरवते. म्या बघितलंय. बाप कितीबी मोठा आसू दे, आईनं पोसलं तेवढंच त्याचं अंग. आमची पोर अजून कनसावर हाय. आता आईपास्नं तोडली, तर बारकी ऱ्हाईल.”

या वेळी कुणी हसलं नाही. एक म्हातारे पंच पुटपुटले की मक्याच्या सांगण्यावरून रिवाज मोडायचा म्हणजे नवलच. बाळाजींनी त्यांना हातानं गप्प केलं. “घरच आपल्या मनानं सोडतंय, तर पंच काय धरून ठेवनार?” ते म्हणाले. “काय अट हाय का, रावजी?”

“गवरीला दर साल यावी.”

तेव्हा दादू पहिल्यांदा बोलला. “मी सोता आनून सोडीन,” तो म्हणाला. “आन न्यायला तुमी म्हनाल तवा येईन.”

पुढच्या आठवड्यात रेवदंड्याच्या बंदरातून त्यांचा मचवा निघाला. आई आलीच नाही. राहीला न्हाऊमाखू घालून, काजळ लावून, ती मागच्या दारी जाऊन बसली होती. राहीला वाटत होतं आपण शिडं बघायला चाललोय. ती बाबांच्या खांद्यावर बसून रस्ताभर बडबडत होती. बंदरावर वहिनीनं बाबांच्या पायांवर डोकं ठेवलं. उठताना म्हणाली, “मामंजी, त्या सालाचं मनात ठेवू नका. मला बी ते हवं व्हतं.” कुठलं साल, ते मला कळलं नाही. बाबांना कळलं असावं, कारण त्यांनी मान खाली घातली. मग दादूनं हात पुढे केले आणि बाबांनी राहीला खांद्यावरून उतरवून त्याच्या हातांत दिली. मचवा वळेपर्यंत ती हसत होती. मग तिला काय ते समजलं आणि तिनं “आजा” म्हणून जो हंबरडा फोडला, तो मला अजून ऐकू येतो.

आम्ही घरी आलो तेव्हा दुपार झाली होती. आई चुलीपुढे बसली होती, भात कधीच शिजला होता आणि तिनं ताटं घेतली नव्हती. बाबा भिंतीला टेकून बसले.

“तुमच्या मक्यानं माझ्या चंदरचं लेकरू नेलं,” आई म्हणाली.

“मक्याला काय बोलता येतं का?” बाबा म्हणाले. “म्या दिली. दुसऱ्याच साली ठरवलं व्हतं. ते मोठे दाने उंबऱ्यावर मांडले आन पोरीनं त्यातला येक खाल्ला, तवाच. मला वाटलं, सगळं आईचंच हाय, आपलं ह्यात काय न्हाय. आता पोर देऊन टाकाया पायजे. पन तोंडातून निघंना. म्हून म्हटलं, अजून येक साल पेरून बघू.”

मी दारातच उभा राहिलो.

“मक्यासाठी न्हवतं त्ये तिसरं साल,” बाबा म्हणाले. “पोर अजून येक साल दारात दिसावी म्हून व्हतं.”

आई त्यांच्याकडे वळली. “काशीला ठावं व्हतं?”

“म्या बोललो तवाच तिला ठावं व्हतं. पानी आनून दिलं न्हवतं का तिनं?” बाबांनी दोन्ही हातांनी तोंड पुसलं. “चोरून घेतलं म्या ते साल. आन त्यातच कळलं, की अर्धी आपली हाय. न्हायतर सगळीच गेली म्हून बसलो असतो.”

आईनं डोळ्यांना पदर लावला. मग उठली. पडवीच्या कोपऱ्यात राहीची करवंटी होती, तिनं टोकरून काढलेल्या पांढऱ्या दाण्यांची. आईनं ते दाणे फडक्यात बांधले आणि चुलीवरच्या वाशाला, जिथे आमचं बियाणं धुरात टांगलेलं असतं, तिथे नीट गाठ मारून लटकवले.

“हात नका लावू कुनी,” ती आम्हा दोघांना म्हणाली. “गवरीला आली की विचारंल ती.” आणि तिनं ताटं घेतली.